कचरूच्या नावाची कोबी

१ सप्टेंबर १९३६. सकाळी

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाला नोंद हवी.

स्कीम ठरली. विहिरीच्या मळ्यात यंदा गहू नाही. कोबी, बाजूला नवलकोल, थोडे टमाटे. औरंगाबादेत मॅट्रिकला होतो तेव्हा (तीन वर्षं, म्हणजे अनुभव दांडगा) शेतकी खात्याच्या एका साहेबांचं लेक्चर ऐकलं होतं. ते म्हणाले होते, गव्हाची अख्खी पट्टी जे देत नाही ते कोबीचे चार वाफे देतात. बाकी लेक्चरला झोप लागली, पण मुद्दा तेवढाच होता.

दादांना सांगितलं. दादा म्हणजे थोरले बंधू, काकासाहेब. घरचा सगळा कारभार त्यांच्या हातात. वाटलं होतं नाही म्हणतील. त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, गव्हाचं काय. मी लेक्चर सांगितलं. तर म्हणाले, "लाव. होळीपर्यंत गव्हाहून जास्त आलं तर मळा तुझ्या नावावर. न्हाई आलं तर जाफराबादच्या कचेरीत नकलनवीस. मी तिथं शब्द टाकून ठेवलाय."

जाफराबादला मी जाणार नाही. तिथे माझी सासुरवाडी आहे.

५ सप्टेंबर

बी पुण्याहून व्ही.पी.ने मागवलं. पाकिटावर कोबीच्या गड्ड्याचं रंगीत चित्र. आमच्या मंडळींना, म्हणजे तुळजाला, दाखवलं. तिने विचारलं की एवढं मोठं खरंच होतं का. मी म्हणालो, सायंटिफिक पद्धतीने होतं.

कामाला कचरू माळी घेतला. आमच्या बांधाला लागून त्याचं ओढ्याकाठचं रान आहे, आणि त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माळवंच, म्हणजे भाजीपालाच, पिकतं. वाटणी अशी: प्लॅन माझा, हात त्याचे. उद्यापासून पहाटे चारला मळ्यात जाणार.

६ सप्टेंबर. नऊ वाजता

गजराचं घड्याळ बंद आहे. दुरुस्तीला जालन्याला पाठवावं लागेल.

९ ऑक्टोबर

रोप लागलं. कचरू आणि त्याचा मुलगा मच्छिंद्र यांनी लावलं. मी बांधावर छत्री घेऊन देखरेख केली. रांग वाकडी जाते आहे असं दोनदा सांगितलं. कचरू म्हणाला, "मालक, पानी जिकडं जातं तिकडंच रांग." बोलायची पद्धत नाही, पण माणूस कामाचा आहे.

२२ नोव्हेंबर

गड्डे धरायला लागले. आज घरात मात्र डोकं फिरवणारा प्रकार झाला. झुंबरआत्या (वडिलांची बहीण, पंचवीस वर्षं आमच्याकडेच) जेवताना म्हणाली, "धर्मा, एवढं माळवं कुनाला वाटनार रे तू?" मी हसून म्हणालो, वाटणार नाही आत्या, विकणार. तिने हातातला घास ताटात ठेवला. म्हणाली, "देशमुखाच्या दारचं माळवं वाटत असत्यात. इकत न्हाईत. दाणे इकावेत, कापूस इकावा. वांग्याचा भाव करत बसलेला देशमुख म्या तरी पाह्यला न्हाई."

दादा तिथेच होते. काही बोलले नाहीत. म्हणजे त्यांचंही तेच मत.

विकायचं हा मुद्दा स्कीममध्ये होता. विकणार कोण, हा नव्हता.

२४ नोव्हेंबर

दोन दिवस डोळ्यासमोर एकच देखावा. जुना जालना, भर बाजार, मी ढिगाऱ्यापुढे बसलोय, आणि समोरून मुकुंदा चाललाय. मुकुंदा माझ्याबरोबर शाळेत होता, आता वकील आहे. तो विचारतो, कसा दिला रे गड्डा. मी भाव सांगतो. मग तो म्हणतो, कमी कर की.

जीभ चावून मेलो तरी बरं.

१० डिसेंबर. दुपारी

उपाय सापडला. इतका सोपा की लेक्चरवाल्या साहेबांनाही सुचला नसता. गाडी आमची, बैल आमचे, माल आमचा. अडतीवर नाव मात्र कचरूचं सांगायचं. पैसे त्याने घ्यायचे, गावाबाहेर मला द्यायचे. कोबी विकली जाईल आणि देशमुखांनी विकली असं होणार नाही.

कचरूला पटेना. "मालक, आपलं नाव सांगाया काय झालं? माल चोरीचा हाये का?" त्याला इज्जत म्हणजे काय हे समजावून सांगितलं. बराच वेळ ऐकून तो म्हणाला, "मंग माझ्या नावाला इज्जत न्हाई का?" आता याला काय सांगणार. शेवटी विहिरीचं पाणी हातावर घेऊन शपथ घ्यायला लावली, की हे गुपित त्याच्या तोंडून कधी बाहेर पडणार नाही. घेतली. पाणी सोडताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली नाही.

घरच्यांसाठी वेगळा इंतजाम. सांगितलं की सिकंदराबादच्या एका बड्या नबाबांच्या खान्यासाठी माझी कोबी जाते. कॉन्ट्रॅक्ट. रेल्वेने पार्सल, बदनापूर स्टेशनातून. नबाबाला देणं हे विकणं नव्हे, तो मान आहे. आत्या एकदम खूश.

१३ डिसेंबर

पहिली गाडी गेली. मी जालन्याच्या वेशीपर्यंत गाडीबरोबर आणि तिथून पुढे शंभर पावलं मागून चाललो. शहरात शिरल्यावर चहाच्या दुकानात बसलो, तोंडापुढे पेपर. तास दीड तासाने कचरू आला. रक्कम इथे लिहीत नाही, नजर लागते. पण लेक्चर खरं होतं. असा भाव शिवरात्रीपर्यंत राहिला तर गहू कुठल्या कुठे मागे पडतो.

फार आनंद झाला. तो कुणाला सांगता येईना, म्हणून चहावाल्याला एक चहा जास्त सांगितला.

२० डिसेंबर

दादांनी विचारलं, पार्सल कोणत्या गाडीने जातं. मी म्हणालो, सकाळच्या. ते म्हणाले, सकाळची तर उलटी, मनमाडकडे जाते. मी म्हणालो, तिकडून फिरून जातं. "बरं," म्हणाले.

थोड्या वेळाने पुन्हा, "नबाबसाहेबांना भरताची वांगी चालतात का रे?" विचारून कळवतो म्हणालो. दादांना एवढं कौतुक असेल असं वाटलं नव्हतं.

३ जानेवारी १९३७

आज धीर करून अडतीच्या दारापर्यंत गेलो. गर्दीत मागे उभा राहिलो, उपरणं तोंडावर. बद्रीनाथ शेठ अडत्या माझा गड्डा हातात उंच धरून ओरडत होता, "कचरूची कोबी, कचरूची कोबी, दाबून पाहा." लोक दाबून पाहत होते. एक म्हातारा म्हणाला, असा आवळ गड्डा या बाजारात पहिल्यांदा पाहिला. बाकी सगळ्यांच्या ढिगाऱ्याहून सव्वा भाव, नुसत्या नावावर.

कचरू मध्यभागी उभा. लोक त्याला पान देत होते.

कुणाला तरी धक्का मारून सांगावं असं वाटलं. म्हणजे प्लॅन कुणाचा, बी कुणाचं. पण उपरणं काढलं नाही. येताना कचरूशी बोललो नाही. घरी आल्यावर कळेना की मी त्याच्यावर कशासाठी रागावलो आहे.

१४ जानेवारी. संक्रांत

तिळगूळ घ्यायला बायका आल्या होत्या. आत्याने सगळ्यांना सांगितलं की नबाबाची बेगम धर्माच्या कोबीशिवाय जेवत नाही. बेगमेकडून अत्तर यायचंय, असंही म्हणाली. हे तिने स्वतः घातलं. तुळजा आतून माझ्याकडे पाहत होती. तिला माहीत आहे. बायकोपासून गाडी लपत नाही.

१९ जानेवारी

मुकुंदा वकिलाने जेवायला बोलावलं. ताटात कोबीची भाजी. म्हणाला, "ही कचरूची बरं का. दुसरी आम्ही खातच नाही. तुमच्याच गावचा ना तो? कसा माणूस आहे?" आणि घास हातात धरून माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत त्याने ताक मागितलं आणि विषय गेला. तीनदा भाजी घेतली. मिठाला जरा कमी होती, पण कोबी अप्रतिम.

२७ जानेवारी

कचरू सकाळी दारात. मच्छिंद्राला बदनापूरकडची सोयरीक आली आहे. पाहुणे म्हणे अडतीवर नाव ऐकून आले. कोबीवाल्या कचरूच्या घरी पोरगी द्यायची आहे. मी म्हणालो, आनंदाची गोष्ट आहे.

तो म्हणाला, "कशाची आनंदाची, मालक. ते मला मळेवाला समजून राह्यले. उद्या कळलं का मळा माझा न्हाई, तर मी लबाड ठरलो. पोराचं नुसकान. तुमी एकडाव आपलं नाव लावा, मी मोकळा."

बरोबर आहे त्याचं. पुढच्या गाडीला माझं नाव लावायचं कबूल केलं. ठराव पक्का.

३१ जानेवारी

गाडी गेली. कचरूच्याच नावाने. घसा बसला होता. अशा घशाने पहिल्यांदा नाव सांगणं बरं दिसलं नसतं.

७ फेब्रुवारी

गाडी गेली. आज बाजारात जाफराबादचे सासरे येणार असं ऐकलं होतं. आले नाहीत. पण येऊ शकले असते.

१७ फेब्रुवारी. संध्याकाळी

दादा आज जालन्याला गेले होते. परत आल्यावर हातपाय धुतले, ओसरीवर बसले आणि मला बोलावलं. म्हणाले, बद्रीनाथ शेठच्या अडतीवर गेलो होतो. तिथे कचरूच्या नावाने कोबीचा ढीग. कोबी आपल्या मळ्यातली, मी गड्डा ओळखतो.

मी सतरंजीचं टोक सरळ केलं.

मग म्हणाले, "नबाबाला जानारी कोबी हा कचऱ्या मधल्या मधी चोरून इकून राह्यला, आन तुला पत्ता न्हाई. रविवारी सकाळी त्याला ओसरीवर बोलावलंय. खरं निघालं तर पोलीस पाटलाकडं देतो."

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही, कोण वाचतंय. ऐकल्यावर पहिल्यांदा मला हायसं वाटलं. नबाबाचं कुणी काही विचारलं नाही म्हणून. एक-दोन श्वासांपुरतं. मग आपल्याला हायसं वाटलं हे लक्षात आलं, आणि तेव्हापासून जेवण गेलेलं नाही.

उद्या सकाळी दादांना सगळं सांगणार. शब्दसुद्धा ठरवलेत. "दादा, कोबी मीच विकतो." चार शब्द.

१८ फेब्रुवारी

सकाळी दादा पूजेत होते. पूजेतल्या माणसाला मध्येच बोलू नये.

दुपारी झोपले होते. चार वाजता उठले, पण उठल्या उठल्या माणूस चिडका असतो. संध्याकाळी पाहुणे.

१९ फेब्रुवारी

मळ्यात गेलो. कचरू मोटेवर होता. त्याला म्हटलं, घाबरू नको, मी आहे. म्हणाला, "म्या कुठं घाबरलो? तुमी हायेत ना. तुमी तोंड उघडलं का झालं." मग मी, उगाच, विचारलं की तू दादांना काही सांगणार तर नाहीस. बैल थांबवून तो म्हणाला, "पानी सोडलंय, मालक. म्या न्हाई बोलनार. तुमी बोलसान."

असा विश्वास कुणी माझ्यावर ठेवलेला आठवत नाही. मॅट्रिकच्या मास्तरांनीही नाही. लाज वाटली. बैलाच्या पाठीवर हात फिरवत बसलो, कारण दुसरीकडे कुठे पाहावं कळेना.

उद्या नक्की.

२० फेब्रुवारी

तुळजाने ताट वाढलं आणि म्हणाली, "कोबी तुमची हाये ना? मंग तेवढंच म्हना की." मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही, हा घराण्याचा प्रश्न आहे. ती म्हणाली, कचरूचंही घराणं आहे, त्याच्या घरी उद्या सून यायची आहे. दुसरी पोळी वाढली ती ताटाकडे न पाहता.

पाहिजे तर दादांना चिठ्ठी लिहावी. तीन चिठ्ठ्या लिहिल्या. पहिली फार लांब झाली. दुसरीत दोष नकळत कचरूकडे गेला. तिसरी चांगली होती, पण अक्षर वाईट आलं.

उद्या प्रत्यक्ष बोलणं हेच मर्दपणाचं. ओसरीवर सगळ्यांसमोर उभा राहणार. एक प्रकारे बरंच झालं. सगळ्यांसमोर कबूल करण्याला जास्त किंमत असते.

२१ फेब्रुवारी. रविवार. सकाळी सात

नवीन धोतर नेसलो. तालीम केली. आवाज खणखणीत आहे.

त्याच दिवशी. दुपारी

झालं ते असं.

दादा सतरंजीवर. आत्या खांबाला टेकून. तुळजा आतल्या दाराशी. कचरू पायरीखाली, फेटा बांधून, मच्छिंद्र त्याच्या मागे. दादांनी विचारलं, अडतीवर कोबी कोणाची विकतोस. कचरू गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. मग त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लग्नात मुहूर्ताची वाट पाहतात तसं.

दादा माझ्याकडे वळले. "धर्मा, तुला काही ठावं हाये का ह्यातलं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. उभा राहिलो. चारही शब्द तोंडात होते. समोर आत्या दिसली, आणि भाव करत बसलेला देशमुख डोळ्यासमोर आला. माझ्याच आवाजात ऐकू आलं, "रीतसर चौकशी झाली पाहिजे."

असं मी म्हणालो. हे मीच म्हणालो.

मच्छिंद्राने मान खाली घातली. मग दादा कचरूला म्हणाले, "वर ये कचरू, बस. हरलास तू."

मला आधी समजलंच नाही. दादांनी सांगितलं. डिसेंबरात त्यांनी आमचे बैल बद्रीनाथ शेठच्या दारात पाहिले होते. आमचे बैल सगळा बाजार ओळखतो. बद्रीनाथ शेठला माहीत होतं, मुकुंदा वकिलाला माहीत होतं, त्याने तर मुद्दाम ताटात वाढून वाट पाहिली. लोक तोंडदेखलं कचरूचं नाव घेत होते, देशमुखांना लाज वाटते तर वाटू दे म्हणून. बदनापूरच्या पाहुण्यांना दादांनी स्वतः जाऊन सांगितलं होतं, की मळा कचरूचा नाही पण हात त्याचेच आहेत. त्यांना तेवढं पुरेसं होतं.

"मी कधी म्हनलो इकू नको म्हनून?" दादांनी विचारलं. मी आठवून पाहिलं. नव्हते म्हणाले. आत्याही म्हणाली, "म्या आपलं जेवताना बोलले. म्हाताऱ्या मानसाचं काय धरतो."

चोरीचं सगळं दादांनी ठरवून केलं. आधी कचरूला सांगून. कचरूने त्यांच्यापुढेही तोंड उघडलं नाही, नुसतं ऐकून घेतलं. फक्त एवढं म्हणाला की धाकले मालक बोलतील. दादा म्हणाले नाही बोलणार. कचरू म्हणाला, "बोलतील. जरा टाइम लागल, पर बोलतील." चार दिवस तो या एका गोष्टीवर दादांशी हुज्जत घालत होता.

मग दादांनी गावच्या कुलकर्ण्यांना मळ्याचा कागद घेऊन यायला निरोप पाठवला. गव्हाहून जास्त आलं हे त्यांनीच हिशोब पाहून मान्य केलं. शब्द म्हणजे शब्द. मळा माझ्या नावावर.

सही केली. कचरू तोपर्यंत निघून गेला होता.

२३ फेब्रुवारी

दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. प्रकृती ठीक नाही असं सांगितलंय. तुळजा काढा करून ठेवते आणि न बोलता जाते. तो पितो. कडू आहे.

माफी मागायला कचरूकडे जायचं आहे. तो कामावर येतो, मोट हाकतो, गड्डे काढतो. म्हणजे मनात काही धरलेलं दिसत नाही. मग मुद्दाम विषय काढून त्याला अवघडवायचं कशाला.

२७ फेब्रुवारी. संध्याकाळी

गाडी भरली. उतू जाईल इतकी कोबी, वरून ओलं पोतं. कचरू ओसरीच्या पायरीखाली येऊन उभा राहिला. वर ये म्हणालो, आला नाही. मळा आता माझा आहे, बैलही दादांनी मलाच दिले आहेत, लपवण्यासारखं कुणापासून काही उरलेलं नाही. हे त्यालाही माहीत आहे.

त्याने विचारलं, "उद्या अडतीवर नाव कोनाचं सांगू?"

मी म्हणालो, सकाळी सांगतो.